साल गेली, कमाल झाली!

जमालगोटा माहीत आहे का? होय, तोच! नाव ऐकताच पोट धरून पळावंसं वाटतं तो, वैद्य ज्याला शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत तो, आणि जुन्या विनोदी सिनेमांत कुणाच्या तरी दुधात हमखास पडतो तो. आता ऐका धमाका: सुरकुत्या मिटवणाऱ्या सर्वांत जहाल केमिकल पीलमध्ये चक्क जमालगोट्याचं तेल असतं! पोट साफ करणारा हा गडी चेहऱ्यावरही हात साफ करतो.

ही स्टोरी जबरदस्त आहे. पण आधी थोडा वॉर्म-अप!

केमिकल पील म्हणजे काय? त्वचेवर मोजूनमापून अ‍ॅसिड लावायचं, वरचा जुना थर सुटू द्यायचा आणि खालच्या ताज्या त्वचेला एन्ट्री घेऊ द्यायची. मुरमं, त्यांचे डाग, वांग, उन्हानं आलेला काळपटपणा, बारीक सुरकुत्या, एवढ्या सगळ्यांवर हा उपाय चालतो. वरवरचं पील, मधलं पील आणि खोल पील असे त्याचे तीन मजले. जितकं खाली जाल तितका रिझल्ट मोठा, आणि धोकाही मोठा.

माहीत आहे का? तुमची त्वचा हे काम रोज फुकटात करतेय! तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत सरकत गळून पडायला तरुणपणी साधारण 28 दिवस लागतात. वय वाढलं की हा प्रवास रेंगाळतो, मेलेल्या पेशी वरच मुक्काम ठोकतात आणि चेहरा थकल्यासारखा दिसतो. पील त्या मुक्कामी पाहुण्यांना निरोपाचा नारळ देतं.

आणि हा मेलेल्या पेशींचा थर असतो तरी किती जाड? चेहऱ्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास! सौम्य पीलचा बहुतेक खेळ एवढ्याशा जागेत चालतो. ग्लायकोलिक, लॅक्टिक अशी अ‍ॅसिडं पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे जोड सैल करतात. जोड सैल, साल ढिली!

अ‍ॅसिड म्हटल्यावर दचकलात? मग हे वाचा. निरोगी त्वचा मुळातच अ‍ॅसिडिक असते, पीएच पाचच्या आसपास. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी 1928 मध्ये या आंबट कवचाला ‘अ‍ॅसिड मँटल’ असं झकास नाव दिलं. म्हणजे आंबटपणा आपल्या अंगातच आहे!

चला, आता टाइम मशीन थेट इजिप्तला.

इसवी सनापूर्वी 1550 च्या सुमाराचा ‘एबर्स पपायरस’ हा जगातल्या सर्वांत जुन्या वैद्यकीय दस्तऐवजांपैकी एक. 20 मीटरच्या आसपास लांबीची ही गुंडाळी आज जर्मनीत लाइपझिगला आहे. तिच्यात त्वचा उजळ करण्याच्या रेसिपीही आहेत: अलाबास्टर दगडाची पूड, खनिज क्षार, मीठ आणि मध. स्क्रबची जाहिरात साडेतीन हजार वर्षं जुनी!

क्लिओपात्रा गाढविणीच्या दुधात न्हायची, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. ती दंतकथा. पण रोमन सम्राट नीरोची बायको पोप्पेया हिच्याबद्दल प्लिनीनं चक्क लिहून ठेवलंय की बाई प्रवासाला निघाल्या की सोबत 500 दुभत्या गाढविणी निघायच्या! अंघोळीची एवढी मोठी बादली इतिहासात दुसरी नसावी. दूध आंबलं की त्यात लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होतं, आणि हेच अ‍ॅसिड आज त्वचेच्या डॉक्टरांच्या कपाटात छोट्या बाटलीत बसलेलं असतं.

मग हे लॅक्टिक अ‍ॅसिड शोधलं कुणी? इथे आमच्या सर्वांत लाडक्या पात्राचा प्रवेश होतो. कार्ल विल्हेल्म शेले, स्वीडनमधला साधा औषधविक्या. 1780 मध्ये त्यानं आंबलेल्या दुधातून लॅक्टिक अ‍ॅसिड वेगळं केलं. 1784 मध्ये लिंबातून सायट्रिक. 1785 मध्ये सफरचंदातून मॅलिक. द्राक्षं आणि चिंच ज्यामुळे आंबट लागतात ते टार्टारिक त्यानं आधीच गाठलं होतं. आज ‘फ्रूट पील’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीवरची अर्धीअधिक नावं या एकाच माणसाच्या टेबलावरून आलेली आहेत!

आणि हो, ऑक्सिजनही त्यानं स्वतंत्रपणे शोधला होता. प्रत्येक नवं रसायन चाखून बघायची त्याची सवय मात्र भयंकर होती. वयाच्या अवघ्या 43 व्या वर्षी तो गेला. चेहऱ्याच्या इतिहासात ज्याचा चेहरा फारसा कुणाला माहीत नाही, असा हा हीरो.

आता एक फटाफट क्विझ. उसातून कोणतं अ‍ॅसिड मिळतं? ग्लायकोलिक! बरोबर. पण कोल्हापूरकरांनो, लगेच कॉलर टाइट करू नका. पीलसाठी लागणारं ग्लायकोलिक बहुतेक वेळा कारखान्यातच बनतं, फक्त तो साखर कारखाना नसतो, केमिकल कारखाना असतो.

ग्लायकोलिकची खासियत काय? या फळ-दुधाच्या गँगमधला तो सर्वांत छोटा रेणू आहे, त्यात कार्बनचे अणू फक्त दोन. चिमुकला असल्यामुळे सुळकन आत शिरतो. काम झालं की डॉक्टर त्याला थांबवतात कशानं? खायच्या सोड्याच्या द्रावणानं! लावताच फसफस होते आणि अ‍ॅसिडचा खेळ खल्लास. वेळ इथे मिनिटांत मोजतात, म्हणून पील चालू असताना डॉक्टरांची नजर घड्याळावर आणि तुमच्या चेहऱ्यावर आळीपाळीनं फिरत असते.

माहीत आहे का? ग्लायकोलिक आणि त्याची भावंडं सौंदर्यासाठी आलीच नव्हती. 1974 मध्ये फिलाडेल्फियात यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या जोडीनं ती इक्थिओसिसच्या रुग्णांवर वापरली. या आजारात त्वचेवर खवले धरतात. क्रीम लावल्यावर खवले गळले, त्वचा मऊ झाली आणि एका प्रचंड इंडस्ट्रीचं दार उघडलं. आज ‘ग्लो’ म्हणून विकलं जातं ते मुळात एका त्रासदायक आजाराचं औषध होतं, हे आम्हाला फार आवडतं.

बाटलीवर 70 टक्के लिहिलंय म्हणजे फार स्ट्राँग? थांबा! खरी ताकद टक्केवारी आणि पीएच मिळून ठरते. पीएच 3.83 असेल तर निम्मंच ग्लायकोलिक मोकळं, कामाला तयार असतं. पीएच खाली उतरला की मोकळं अ‍ॅसिड वाढतं आणि तीच टक्केवारी वाघ होते. त्यामुळे फक्त आकडा बघून बाटली निवडणं म्हणजे नुसता कॉलर साइज विचारून शर्ट शिवायला टाकणं.

बदाम खाऊन बुद्धी वाढते म्हणतात. कडू बदामातून मात्र पील मिळालं! मँडेलिक अ‍ॅसिड 1831 मध्ये तिथूनच सापडलं. रेणू मोठा, चाल संथ, जळजळ कमी, म्हणून नाजूक आणि सावळ्या त्वचेला ते मानवतं. आणि त्याची पहिली नोकरी कोणती, सांगा पाहू? लघवीच्या इन्फेक्शनवरचं औषध! 1930 च्या दशकात डॉक्टर ते त्यासाठी देत होते. करिअर चेंज असावा तर असा.

कोजिक अ‍ॅसिड? जपानमधल्या त्याच बुरशीतून, जिच्यावर तांदळाची दारू साके आणि सोया सॉस बनतो. साल 1907.

आणि शिबं माहीत आहेत ना, घामाच्या दिवसांत पाठीवर, मानेवर उमटणारे ते फिकट ठिपके? ती एका यीस्टची करामत. या यीस्टचा अभ्यास करताना 1970 च्या दशकात रोममधल्या संशोधकांचं लक्ष अझेलिक अ‍ॅसिडकडे गेलं. त्वचेचा रंग फिका करणाऱ्या जिवाकडे वांग फिका करायचं औषध निघालं! आज ते वांगावर आणि मुरमांवर वापरतात, काही पील्समध्येही घालतात. (वांग म्हणजे गालावरचे काळपट चट्टे बरं का. वांगं भरायचं, वांग घालवायचं!)

आता येतोय मुरमांचा कर्दनकाळ. सॅलिसिलिक अ‍ॅसिड!

त्याचं मूळ विलो झाडाच्या सालीत. सालीतून आलं आणि साल काढायला लागलं! अ‍ॅस्पिरिनचं ते सख्खं नातलग. पायाच्या कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी आठवते? तिच्यातही बहुधा हेच असतं. पावलावर जे कुरूप झिजवतं, तेच सौम्य होऊन गालावर ब्लॅकहेड्स उपसतं.

पण मुरमांवर हेच का? कारण ते तेलात विरघळतं. त्वचेची छिद्रं तेलकट असतात, ग्लायकोलिकला तिथे जरा बाहेरच थांबावं लागतं आणि सॅलिसिलिक मात्र आत जाऊन सफाई करतं. पीलमध्ये ते साधारण 20 ते 30 टक्के असतं. द्रावण उडून गेलं की चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते. घाबरू नका, ते अ‍ॅसिडचेच स्फटिक. त्याला सोडा मारून थांबवावंही लागत नाही.

एक कानमंत्र, अक्षरशः कानाचा! सॅलिसिलिक एकदम खूप मोठ्या भागावर फासलं आणि रक्तात जास्त गेलं, तर कानात गुंई-गुंई आवाज यायला लागतो. अ‍ॅस्पिरिन जास्त झाल्यावरही नेमकं हेच होतं. म्हणून पाठ, छाती, हात सगळं एकाच बैठकीत उरकायचा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका. गरोदर असाल तर आधीच सांगा, हे पील टाळतात.

माहीत आहे का? पीलचा एक पितामह आणि निळ्या डबीतलं नीव्हिया क्रीम यांची ओळख जुनी आहे! हॅम्बुर्गचे डॉक्टर पाउल गेर्सन उन्ना यांनी 1882 मध्ये सॅलिसिलिक, रेसॉर्सिनॉल, फिनॉल आणि टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड) त्वचेवर काय करतात याचं वर्णन केलं. आजही डॉक्टरांच्या ट्रेमध्ये हीच मंडळी हजर असतात. पाणी आणि तेल एकत्र धरून ठेवणारा नवा पदार्थ आला, तेव्हा नीव्हिया बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाचं लक्ष त्याकडे वेधणारेही हेच उन्ना, आणि त्यातूनच 1911 मध्ये नीव्हिया बाजारात आलं. साल काढणारा आणि साल जपणारा, दोन्ही खात्यांवर एकच नाव.

आता तो जमालगोटा!

गोष्ट सुरू होते कार्बोलिक अ‍ॅसिडपासून, म्हणजे फिनॉलपासून. 1865 मध्ये ग्लासगोच्या इस्पितळात 11 वर्षांच्या एका मुलाचा पाय गाडीखाली सापडून मोडला. हाड बाहेर आलेलं. त्या काळी अशा जखमा सडायच्या आणि पाय कापावा लागायचा. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर फिनॉलमध्ये भिजवलेल्या पट्ट्या लावल्या. पाय वाचला, पोरगा चालत घरी गेला आणि जंतुरहित शस्त्रक्रियेचं युग सुरू झालं.

मग 1903 च्या सुमाराला जॉर्ज मिलर मॅकी या डॉक्टरांनी तेच फिनॉल चेहऱ्यावरच्या खड्ड्यांवर लावायला सुरुवात केली. त्यांनी त्यावर पेपर कधी छापला, माहीत आहे का? 1952 मध्ये! जवळजवळ अर्धं शतक गप्प. आज लोक पील झाल्या झाल्या गाडीतूनच रील टाकतात.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. दारूगोळ्यानं भाजलेले, काळे ठिपके रुतलेले चेहरे घेऊन सैनिक परतले. फ्रान्समध्ये ला गास नावाचे एक डॉक्टर त्यांच्यावर फिनॉल वापरत. त्यांची मुलगी आंत्वानेत हे तंत्र घेऊन 1930 च्या दशकात पोहोचली कुठे? लॉस एंजेलिसला! म्हणजे सिनेमाच्या माहेरघरी. रणांगणावरच्या जखमांचं औषध कॅमेऱ्यासमोरच्या चेहऱ्यांच्या गावात आलं.

तिथे डॉक्टर नसलेल्या पण फॉर्म्युला जाणणाऱ्या मंडळींनी धंदा जोरात चालवला. त्यांना म्हणत ‘ले पीलर्स’, म्हणजे बिनडिग्रीचे पीलवाले. फॉर्म्युला कडक गुपित! रिझल्ट मात्र इतके जोरदार की प्लास्टिक सर्जन चक्रावले. ज्या हातांना वैद्यकाची डिग्री नव्हती, त्यांच्याकडून डिग्रीवाल्यांना शिकावं लागलं. आमच्या मते पीलच्या अख्ख्या इतिहासातला हा सर्वांत रंगतदार अंक आहे.

शेवटी मायामीच्या थॉमस बेकर यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फॉर्म्युला सगळ्यांसाठी खुला केला. पुढे हॉवर्ड गॉर्डन यांचंही नाव त्याला जोडलं गेलं. ऐका: 88 टक्के फिनॉल 3 मिली, पाणी 2 मिली, द्रव साबण 8 थेंब आणि क्रोटन ऑइल 3 थेंब. हे क्रोटन ऑइल म्हणजेच आपल्या जमालगोट्याचं तेल! आयुर्वेदात जयपाळ, इच्छाभेदी रसातला मुख्य कलाकार. इथे फक्त तीन थेंब.

चाळीसेक वर्षं सगळे समजत होते की कमाल फिनॉलची आहे. जमालगोटा म्हणजे नुसता साइड हीरो. 2000 साली अमेरिकन सर्जन ग्रेगरी हेटर यांनी प्रमाण बदलून बदलून पाहिलं आणि पडदा वर गेला: पील किती खोल जाणार हे मुख्यतः ठरवतात ते तेलाचे थेंबच! तीन थेंबांनी अख्खा पिक्चर चोरला होता.

उपचार कसा असायचा? हृदयाचे ठोके मॉनिटरवर, सलाइन चालू, कारण फिनॉल घाईनं लावलं तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून चेहऱ्याचा एक भाग, मग थांबा, मग दुसरा भाग. वर वॉटरप्रूफ टेपचा मुखवटा, तोही 48 तास! नंतर चेहऱ्याच्या सुरकुत्या वर्षानुवर्षं गायब. पण सावळ्या त्वचेचा रंग कायमचा उडू शकतो, म्हणून आपल्याकडे हे खोल पील टाळतात. आणि कळकळीची विनंती, आजीच्या बटव्यातला जमालगोटा चुकूनही गालाला लावू नका. त्वचा भाजेल.

हुश्श! पुढे चला.

फ्रॉस्टिंग म्हणताच केक आठवला? पीलच्या खोलीत फ्रॉस्टिंग चेहऱ्यावर होतं. टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, त्वचेतली प्रथिनं गोठवतं आणि त्वचा पांढरी होते. किती पांढरी, सलग की विरळ, खालची लाली दिसते की नाही, यावरून डॉक्टर खोली ओळखतात. थोड्या वेळात पांढरा रंग उतरतो. जळजळ? होते. म्हणूनच बाजूला कुणीतरी पंखा धरून उभं असतं. हाय-टेक क्लिनिकमध्ये सर्वांत हवीहवीशी वस्तू म्हणजे छोटासा पंखा!

आणि निळा चेहरा पाहिलाय? झेइन ओबाजी यांच्या गाजलेल्या ‘ब्लू पील’मध्ये टीसीएसोबत निळा रंग असतो. कुठे लागलं, कुठे राहिलं हे कळावं म्हणून. एक-दोन दिवस थोडी निळसर झाक राहू शकते. अवतार चित्रपटाचं ऑडिशन नको असेल तर कामावर सुट्टी टाका.

मुरमांचे सुईच्या टोकासारखे खोल खड्डे? 2002 मध्ये कोरियन डॉक्टरांनी भन्नाट आयडिया छापली. तीव्र टीसीए घ्यायचं आणि टोकदार लाकडी काडीनं फक्त खड्ड्याच्या आत टेकवायचं. टूथपिक! आत नवं कोलॅजन बनतं आणि खड्डा हळूहळू भरतो. कोट्यवधींच्या लेझर मशीनशेजारी ट्रेमध्ये एक टूथपिक ऐटीत पडलेली असते. पण टीसीए 65 ते 100 टक्क्यांचं, त्यामुळे ती काडी डॉक्टरांच्याच बोटांत शोभते.

14-14-14! लॉटरीचा नंबर नाही, जेस्नर्स सोल्युशन. रेसॉर्सिनॉल, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक प्रत्येकी 14 ग्रॅम, बाकी अल्कोहोल घालून 100 मिली. बनवणारे माक्स जेस्नर ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना ब्रेस्लाऊमधलं प्राध्यापकपद सोडावं लागलं, पुढे ते न्यूयॉर्कला गेले. त्यांची ही बाटली आजही जगभरच्या क्लिनिकांत रोज उघडली जाते.

टीव्ही ब्रेक! ‘सेक्स अँड द सिटी’च्या 2002 मधल्या एका भागात समँथा पील करून घेते आणि लालबुंद चेहऱ्यानं थेट मैत्रिणीच्या पुस्तकाच्या पार्टीत हजर होते. पार्टी एकीकडे, सगळ्यांच्या नजरा एकीकडे. पीलचं डाउनटाइम काय असतं, हे त्या भागानं कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त लोकांना शिकवलं असेल.

पटकन एक गंमत: मॉलमध्ये ज्याची जाहिरात दिसते ते ‘कार्बन पील’ केमिकल पील नाहीच. चेहऱ्यावर कार्बनचा लेप आणि वरून लेझर! नाव पील, काम लाइटचं.

आता जरा सिरियस, कारण हा मुद्दा आपल्या कातडीचा आहे.

त्वचेचे सहा प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिक स्केल माहीत आहे का? हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती 1975 मध्ये मांडली, तीही प्रकाशकिरणांच्या उपचाराचा डोस ठरवायला. पहिल्या यादीत प्रकार होते फक्त चार, सगळे गोऱ्या त्वचेचे. गव्हाळ ते काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांना सुरुवातीला सीटच नव्हती!

आणि आपल्याच त्वचेची तर खास काळजी घ्यावी लागते. रंग बनवणाऱ्या पेशी आपल्याकडे फार तत्पर. जरा भाजलं, खाजवलं, जास्त जळजळ झाली की लगेच काळा डाग. म्हणून इथे मंत्र एकच: हळूहळू, थोडं थोडं, अनेक बैठकांत. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे आयएडीव्हीएलनं, 2008 मध्ये पीलसाठी मार्गदर्शक नियम काढले. पीलच्या आधी दोन-चार आठवडे ‘प्रायमिंग’, म्हणजे क्रीम आणि सनस्क्रीन लावून त्वचा तयार करायची, हा टप्पा त्यातला महत्त्वाचा. कंटाळवाणा वाटतो, पण निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

आणि एक गोष्ट छातीठोकपणे: पील जन्माचा रंग बदलत नाही. डाग, चट्टे, टॅन, खरखरीतपणा कमी करतं. सावळा रंग हा आजार नाही, त्यामुळे त्याच्यावर उपचारही नाही. ‘चार शेड गोरं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारातून उलट्या पावली परत या.

मान घासून घासून दमलात? मानेवर, काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा असेल तर तो मळ नाही! त्याचं नाव अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स, आणि तो बहुतेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा निरोप असतो. पीलनं थोडा फिका होतो, पण साखर तपासली नाही, वजन आवरलं नाही तर परत येतो. ज्या मुलांना शाळेत ‘अंघोळ करत नाहीस का’ असं ऐकावं लागतं, त्यांच्या आई-बाबांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

लिंबू! घरोघरचं फेव्हरिट पील. त्याचा पीएच दोनच्या आसपास, म्हणजे त्वचेला तो चांगलाच झोंबणारा. पण त्याहून मोठा ट्विस्ट पुढे आहे. लिंबाच्या रसात आणि सालीत असे पदार्थ असतात जे उन्हाशी हातमिळवणी करून त्वचा भाजतात. एक-दोन दिवसांत फोड आणि मग महिनोन्‌महिने काळे ओघळ. बीचवर लिंबू पिळून कॉकटेल बनवणाऱ्यांच्या हातांवर हे इतकं दिसतं की परदेशात त्याला ‘मार्गारिटा बर्न’ म्हणतात. लिंबू सरबतात घाला, पोह्यांवर पिळा, चेहऱ्याला सुट्टी द्या!

ऑनलाइन मिळणारी 70 टक्क्यांची बाटली? अमेरिकेच्या एफडीएनं जुलै 2024 मध्ये इशाराच दिला: जादा तीव्रतेची अशी पील्स डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ नका, वापरू नका, भाजल्याचे गंभीर प्रकार घडलेत. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं घरगुती क्रीमसाठी ग्लायकोलिक-लॅक्टिक गटाची मर्यादा 10 टक्के आणि पीएच किमान 3.5 अशी सुचवलेली आहे. 10 आणि 70, केवढी दरी!

उन्हाचा हिशेब माहीत आहे का? एफडीएनं करवून घेतलेल्या अभ्यासात चार आठवडे असं अ‍ॅसिड लावलेली त्वचा ऊन लागून लाल होण्याबाबत 18 टक्के जास्त हळवी झाली होती. लावणं थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्वपदावर आली. म्हणून पील आणि सनस्क्रीन हे नवरा-बायकोसारखं पॅकेज, एकटं कुणी येत नाही.

ओठांवर कधी ताप उतरल्याच्या पुळ्या आल्या होत्या? मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत? दोन्ही डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुळ्यांचा विषाणू मधल्या आणि खोल पीलनंतर पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून आधीच गोळ्या देतात. आणि आयसोट्रेटिनॉइननंतर सहा महिने थांबायचा जुना नियम? 2017 मध्ये तज्ज्ञांनी पुरावे तपासले आणि वरवरच्या पीलसाठी एवढं थांबण्याला फारसा आधार नाही असं सांगितलं. नियमांचीही साल निघते!

तिसरा-चौथा दिवस सर्वांत अवघड. सौम्य पीलनंतर साल सुटायला लागते, नाकाशेजारी, हनुवटीवर पापुद्रे लोंबतात आणि बोटं शिवशिवतात. ओढायचं नाही! अर्धवट सुटलेला पापुद्रा ओढला की खालची कच्ची त्वचा सोलते, आणि आपल्या रंगाच्या त्वचेवर तिथे हमखास डाग. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, कोमट पाणी, बस्स. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच या मंडळींना पीलच्या आधी आणि नंतर काही दिवस दारात उभं करू नका.

आणि लग्नसराईवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी! हळदीच्या चार दिवस आधी पहिलंवहिलं पील करून घेणारे नवरा-नवरी दरवर्षी असतात, आणि मग अल्बममध्ये लाल गाल आणि फाउंडेशनखाली पापुद्रे. एका पीलनं चमत्कार होत नाही, साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं काही बैठका लागतात. त्याआधी प्रायमिंगचे आठवडे. शेवटची बैठक मुहूर्ताच्या किमान महिनाभर आधी संपलेली बरी. ताज्या सोललेल्या त्वचेवर हळद-उटणं चोळायचं नाही. गणित मांडलंत? चार-पाच महिने आरामात जातात. तेव्हा तारीख पक्की झाली की हॉल आणि केटररच्या बुकिंगबरोबर त्वचेच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंटही त्याच आठवड्यात घेऊन टाका!